तलावाचं वय आणि ‘संदर्भ हवा’

(सामुदायिक रेडिओवरच्या दुपारच्या महिला कार्यक्रमातलं भाषण)



रोवणी आटोपली, दोन दिवसांपासून पावसानंही उघडीप दिली आहे. तेव्हा दुपारी रेडिओ लावून बसायला थोडी उसंत मिळाली असेल, असं समजून बोलते.

मी लाखनी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या बचत गटाची सचिव आहे. गटाचं आणि घरचं सांभाळून जो वेळ उरतो त्यात मराठी विकिपीडियावर लिहिते, दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. त्याचे पैसे मिळत नाहीत. कार्यक्रमाच्या ताईंनी मला विषय दिला तो असा, की मोबाइलवर काहीही शोधलं तरी विकिपीडिया वरच दिसतो, तर तो लिहितं कोण आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा?

आधी घरातली गोष्ट सांगते.

माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं. कॉलेजात सिकलसेलची तपासणी झाली तेव्हा ती वाहक निघाली होती. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, त्यामुळे आम्ही ते मुलाकडच्यांपासून लपवलं नाही. पण बोलणी अर्ध्यावर आली आणि त्यांच्याकडे कोणाच्या तरी मोबाइलवर एक मेसेज फिरत आला: वाहक मुलीशी लग्न केलं तर प्रत्येक मूल आजारी निघतं. खाली कुण्या मोठ्या डॉक्टरचं नाव, हात जोडल्याचं चित्र, आणि दहा जणांना पाठवा म्हणून विनंती. झालं. मुलाची आई म्हणाली, आम्हाला जमायचं नाही.

मी त्या रात्री विकिपीडिया उघडला. मराठीत वाचलं, मग इंग्रजीत अडखळत वाचलं. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, नुसतं वाहक होण्याची चारात दोन, आणि काहीच नसण्याची चारात एक. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात तसा कोणताही दोष नसेल, तर मुलाला तो आजार होत नाही. ते वाहक होऊ शकतं, दोनात एक. म्हणजे प्रश्न होता तो मुलाच्या तपासणीचा, आणि मुलाची तपासणी कोणी केलीच नव्हती! आपल्याकडे असंच असतं, तपासायची ती मुलगी.

पण आता मला विचारा, मेसेजही मोबाइलवरचा आणि विकिपीडियाही मोबाइलवरचा, मग एक खोटा आणि एक खरा हे मी कशावरून ठरवलं? ते विकिपीडियाच्या नावावरून नाही ठरवलं. वाक्याच्या शेवटी लहानसा आकडा असतो, त्यावर बोट ठेवलं की हे वाक्य कुठून घेतलं ते दिसतं. मी ते मूळ नाव वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गणित बरोबर असल्याचं सांगितलं आणि वर एक गोष्ट सांगितली जी माझ्या वाचण्यातून निसटली होती. मुलाची तपासणी करताना थॅलेसेमियाही बघून घ्या म्हणाल्या, कारण एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी होऊ शकतं. मुलाचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. लग्न वैशाखात झालं.

तर हा ज्ञानकोश डॉक्टर नाही, तसं तो स्वतःच सांगतो. पण त्यातलं वाक्य मला दारापर्यंत नेऊन पोचवतं, आणि त्या मेसेजमधलं वाक्य कुठंच नेत नाही. हा फरक कशानं पडतो ते आता सांगते.

ज्ञानकोश हा शब्द आपल्याला नवीन नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ साली नागपुरातच ज्ञानकोशाची कंपनी उभी केली, पुढे पुण्याला जाऊन २३ खंड पूर्ण केले. मग महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं, त्याचा पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशात प्रत्येक नोंदीच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्या विषयातला जाणकार लिहितो, संपादक मंडळ बघतं, मग छापतात. भरवसा त्या नावावर असतो.

विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत इंग्रजीत सुरू झाला, मराठीतला १ मे २००३ ला. यात लेखाखाली कोणाचंच नाव नाही. कोणीही यावं आणि लिहावं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही तर जत्रा झाली, यात खरं काय राहणार? माझा तो समज आमच्या गटाच्या वहीनं दूर केला.

तुम्ही गटात असाल तर तुम्हाला माहीत आहे. कीर्द लिहिताना चूक झाली तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई तर नाहीच नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ ओढायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. आणि महिन्याच्या बैठकीत ती वही सगळ्यांसमोर वाचायची. सचिव कितीही हुशार असली तरी वाचायचीच. विकिपीडियाचं तसंच आहे. प्रत्येक पानावर ‘इतिहास’ म्हणून एक जागा आहे. पान सुरू झाल्यापासून कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, सगळं तिथं उभं आहे. दोन तारखांची पानं शेजारी शेजारी ठेवून फरक बघता येतो. कोणी खोडसाळपणा केला तर आधीचं पान एका क्षणात परत आणता येतं. मी रात्री बारा वाजता एक वेलांटी चुकवली होती, ती चूक तिथं आजही दिसते.

मराठीतल्या मंडळींनी या सगळ्याला नावंही छान ठेवली आहेत. नवीन माणसानं लिहून बघायची जागा म्हणजे ‘धूळपाटी’. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा ‘चावडी’. एखाद्या गोष्टीवर मत घ्यायचं तर ‘कौल’ लावतात. व्यवस्था बघणारे ‘प्रचालक’. ते मोजकेच आहेत, आपल्यासारखीच घरदार-नोकरी सांभाळून काम करतात. पान कुलूपबंद करणं, त्रास देणाऱ्याला अडवणं ही कामं त्यांची. पण लेखात काय लिहायचं यात त्यांचं मत तुमच्या-माझ्यापेक्षा जड नसतं. आणि तीच ती कंटाळवाणी कामं मुकाट्यानं करणारा जो संगणकाचा प्रोग्राम असतो त्याला म्हणतात ‘सांगकाम्या’. हे नाव ऐकून मी एकटीच हसले होते.

रोज ‘अलीकडील बदल’ म्हणून एक यादी वाहत असते. कोणी कुठं काय बदललं त्याची ती यादी. कोणी चहा पिता पिता ती बघतं, कोणी रात्री. शिवाय आपल्या आवडीची पानं पहाऱ्याच्या सूचीत घालून ठेवता येतात. त्यांना कोणी हात लावला की आपल्याला कळतं. माझ्या सूचीत आपल्या जिल्ह्याचे सातही तालुके आहेत, वैनगंगा आहे, पवनी आहे, सिकलसेल आहे. रात्रीचा स्वयंपाक झाला की मी एक फेरी मारते. शेतावर पाणी बघायला जातो ना, तसं. बहुतेक दिवशी काहीच नसतं.

हे झालं चोर पकडण्याचं. पण खरी मेहनत दुसरीकडेच आहे, आणि ती मला माझ्याच चुकीतून कळली.

आपल्या गावांची पानं मराठी विकिपीडियावर दोन-तीन ओळींचीच असतात. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, संपलं. मला वाटलं, आपल्या गावाचं आपण नाही लिहायचं तर कोणी? मी लिहिलं की आमच्या गावचा तलाव चारशे वर्षांपूर्वीचा असून तो अमक्या पाटलांनी बांधला. मोठ्या हौसेनं घरच्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या वाक्याच्या शेपटीला कोणीतरी दोन शब्द चिकटवले होते: ‘संदर्भ हवा’.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. गाव माझं, तलाव माझा, घागरी मी भरल्या, आणि हा कोण कुठला मला पुरावा मागतो? मी ते दोन शब्द काढून टाकले. त्यांनी पुन्हा लावले. मी पुन्हा काढले. अशा ओढाताणीला तिथं फार वाईट समजतात. इंग्रजी विकिपीडियावर तर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिहिणं उलटवलं तर तुम्हाला काही काळ अडवून ठेवू शकतात. मला कोणी अडवलं नाही. त्या सदस्यानं पानाच्या ‘चर्चा’ भागात लिहिलं. त्याचा आशय असा की, ताई, तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण उद्या शेजारच्या गावचा कोणी येऊन तलाव दोनशे वर्षांचा आहे म्हणाला, तर वाचणाऱ्यानं कोणाचं ऐकायचं? छापलेलं काही मिळतं का बघा, मीही शोधतो.

‘मीही शोधतो’ या शब्दांनी माझा राग निम्म्यावर आला.

मग आम्ही दोघांनी शोधलं. तो माणूस की बाई, पुण्याची की परदेशातली, मला आजही माहीत नाही. मी तालुक्याच्या वाचनालयात गेले, तिथून भंडाऱ्याला गेले. आपल्या जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटिअर १९०८ सालचं आहे, नंतर महाराष्ट्र शासनानं काढलेलं १९७९ चं. शासनाच्या संकेतस्थळावर गॅझेटिअर वाचायला मिळतं. शब्दकोश मांडीवर घेऊन चार रात्री बसले. तलाव बांधण्यात कोहळी समाज किती तरबेज होता, ते मिळालं. मालगुजारीच्या काळातले तलाव, ज्यांना आपण आज मामा तलाव म्हणतो, त्यांच्या पाण्यावर धान आणि ऊस कसा पिकायचा, तेही मिळालं. आमच्या गावच्या तलावाचं वय मात्र कुठंच नव्हतं.

शोधता शोधता एक वेगळीच गोष्ट समजली, ती सांगण्यासारखी आहे. नवेगावबांधचा तलाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. आता जुन्या पुस्तकात बघाल तर नवेगावबांध भंडारा जिल्ह्यात आहे. आमच्या शाळेतल्या भूगोलातही तसंच होतं. आणि नवीन पुस्तकात तो गोंदिया जिल्ह्यात आहे. खोटं कोणतंच नाही. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. पण कोणी जुनं पुस्तक हातात घेऊन आजच्या पानावर ‘भंडारा जिल्ह्यातील’ असं लिहिलं, तर संदर्भ असूनही ते चूक ठरेल. लोकसंख्येचंही तेच. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आहे. १९९१ चा आकडा शेजारी ठेवला तर वाटेल, लोक गेले कुठं? गेले कुठंच नाहीत, त्या आकड्यात गोंदिया धरलेलं आहे. म्हणून संदर्भ दिला तरी कोणीतरी तो उघडून तारीख बघावी लागते. असं काम एकट्यानं होत नाही. जुनं पुस्तक एकीकडे असतं, जनगणनेचा तक्ता दुसऱ्याला सापडतो, आणि शुद्धलेखन बघणारी तिसरीच कोणी असते.

शेवटी आमच्या गावच्या पानावर असं वाक्य राहिलं, की गावात मालगुजारीच्या काळातला तलाव आहे आणि या भागातले असे अनेक तलाव कोहळी लोकांनी बांधले. पुढे गॅझेटिअरचा आकडा. चारशे वर्षं गेली, पाटलांचं नावही गेलं.

हे मी घरी वाचून दाखवलं. मामाजी काही बोलले नाहीत. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मंग मी सांगतलं ते खोटं आहे का?”

मैत्रिणींनो, याचं चोख उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या सासूकडून ऐकलं, तिनं तिच्या सासूकडून. पाळीला पहिलं खोरं कोणी लावलं, कोणत्या वर्षी पाळ फुटली, तेव्हा रात्रभर कोण पाण्यात उभं राहिलं, हे सगळं त्या सांगतात आणि मला ते खरं वाटतं. पण माझ्याशिवाय दुसऱ्याला ते तपासायचं असेल तर त्यानं कुठं बघावं? छापलेलं असतं ते सरकारनं, साहेबांनी, पाटलांनी लिहून ठेवलेलं. रोवणीची गाणी, बाळंतिणीचा पथ्यपाणी, दंडारीत रात्र जागवणारे, यातलं फार थोडं पुस्तकात आलं आहे. आणि जे पुस्तकात नाही त्याला संदर्भ मिळत नाही, संदर्भ नाही म्हणून ते ज्ञानकोशात नाही. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याच नियमानं माझ्या भाचीचं लग्न वाचवलं. पण तो आपल्यावर जड पडतो, हेही खरं.

फक्त आपल्यावरच नाही. कॅनडात डॉना स्ट्रिकलंड म्हणून शास्त्रज्ञ आहेत. लेझर किरणांवरच्या कामासाठी त्यांना २ ऑक्टोबर २०१८ ला पदार्थविज्ञानाचं नोबेल जाहीर झालं. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या बाई, दुसरीला मिळून ५५ वर्षं झाली होती. त्या दिवशी लोकांनी विकिपीडिया उघडला तर त्यांच्यावर लेखच नव्हता! त्यांच्यासोबत ज्या पुरुष शास्त्रज्ञाला पारितोषिक मिळालं त्यांच्यावर होता. तपासल्यावर कळलं की त्याच वर्षी मे महिन्यात कोणीतरी स्ट्रिकलंडबाईंवर लेख लिहून दिला होता आणि तो परत पाठवला गेला होता. कारण दिलं होतं की त्यांची दखल घेण्याजोगी ओळख दाखवणारे संदर्भ पुरेसे नाहीत. तपासणाऱ्यानं नियमाप्रमाणेच केलं. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं नव्हतं, म्हणून संदर्भ नव्हते. हे सगळं आज आपल्याला कळतं तेही त्या ‘इतिहास’ पानामुळेच, नाहीतर कोणीही म्हणालं असतं की असं काही झालंच नाही.

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत बायका किती, तर वेळोवेळी झालेल्या पाहण्यांत दहात एक-दीड, असंच निघत आलं आहे. इंग्रजीतल्या चरित्रलेखांत बायकांची चरित्रं २०१५ च्या सुमारास शंभरात पंधराच्या आसपास होती. मग काही जणींनी आणि काही जणांनी मिळून नेटानं काम केलं, आता ती वीसच्या घरात आहेत. मराठीतही ८ मार्चच्या आसपास बायकांसाठी लिहिण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत.

आता फसगतीबद्दल थोडं बोलते. फक्त चांगलंच सांगितलं तर ती जाहिरात होईल. २००५ साली अमेरिकेत जॉन सीगेन्थालर नावाच्या जुन्या पत्रकारावर कोणीतरी गंमत म्हणून भयंकर खोटं लिहिलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या खुनाशी त्यांचा संबंध जोडला. ते चार महिन्यांहून जास्त दिवस तसंच राहिलं, कारण ते पान कोणाच्याच पहाऱ्यात नव्हतं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियानं नाव न नोंदवता नवीन लेख सुरू करायला बंदी केली. २००९ साली जर्मनीत एक नवे मंत्री झाले. त्यांचं मूळ नावच गाडीच्या डब्यांसारखं लांबलचक, दहा नावांचं. कोणीतरी विकिपीडियात त्यात एक ‘विल्हेल्म’ घुसवलं. वर्तमानपत्रांनी ते न बघता उचललं. मग विकिपीडियावर कोणी शंका काढली तर तीच वर्तमानपत्रं पुरावा म्हणून पुढे आली! आपल्या गावातही असंच होतं ना, आपणच उठवलेली वावडी चार घरं फिरून परत येते आणि आपल्याला वाटतं, बघा, सगळेच म्हणतात. म्हणून दोन संदर्भ दिसले तरी ते एकाच विहिरीतून तर भरले नाहीत ना, हे जुने संपादक बघतात.

याच २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकानं जाणकारांकडून ४२ विषयांवरचे लेख तपासून घेतले होते. विकिपीडियात लेखामागे चारेक चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या नावाजलेल्या ज्ञानकोशात तीनेक. ब्रिटानिकानं त्यावर जोरदार हरकत घेतली, तो वाद वेगळा. मला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं की छापील ग्रंथातही चुका असतात.

आजाराच्या लेखांना इंग्रजीत जास्त कडक नियम आहे. एखाद्या वर्तमानपत्रातली बातमी किंवा एकुलता एक लहान अभ्यास तिथं चालत नाही, अनेक अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष किंवा मोठ्या आरोग्य संस्थेची मार्गदर्शिका लागते. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या ऑक्टोबरात, जागतिक आरोग्य संघटनेनं आपली चित्रं आणि चित्रफिती विकिपीडियाला मोकळेपणानं वापरायला दिल्या.

आणि आपल्याच महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून मोठा संताप झाला. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. लोकांचं मन दुखावलं हे मी समजू शकते, माझंही दुखावलं. पण मला त्या दिवसांत राहून राहून वाटत होतं की त्या लेखाच्या चर्चेत चांगली, तपासलेली मराठी साधनं हातात घेऊन बसलेली माणसं आपल्यातली किती होती? आपण नसलो तर दुसरा कोणी त्याला सापडलं ते पुस्तक वापरतो. मी तेव्हापासून माझ्या पहाऱ्याच्या सूचीत आणखी दहा पानं वाढवली.

तुमच्यापैकी कोणाला हे करून बघायचं असेल तर लेख लिहायची घाई करू नका. आपल्या तालुक्याचं पान उघडा, एखादा वेलांटी-उकार दुरुस्त करा. तेवढ्यानं कोणी रागवत नाही. एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ दिसलं तर रागावू नका, मी रागावले तेवढं पुरे. उलट ती एक उघडी जागा समजा आणि वाचनालयात विचारा. धूळपाटीवर हवं तेवढं खरडा. मोबाइलवर मराठी बोललं की टाइप होतं, त्यामुळे मात्रा येत नाहीत ही सबब मी आमच्या गटात ऐकून घेत नाही. आमच्या गटातल्या दोघी आता अधूनमधून बसतात. एकीचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे. तिनं आमच्या गावच्या पानावरची एक चूक काढली, जी माझ्या आणि त्या अनोळखी सदस्याच्याही नजरेतून सुटली होती. गावापासून तालुक्याचं अंतर चुकलं होतं. ती रोज त्या रस्त्यानं सायकलनं जाते ना! फरक एवढाच की तिनं आकडा आपल्या मनानं बदलला नाही, चर्चा भागात लिहिलं आणि छापील नकाशा शोधून दिला.

सासूबाईंचं काय झालं ते राहिलंच. त्यांच्या प्रश्नावर मी त्या अनोळखी सदस्यालाच विचारलं. तो म्हणाला, वय लिहिता येणार नाही, पण तलावाचा फोटो आहे का? स्वतः काढलेला फोटो सगळ्यांना वापरायला मोकळा करून दिला तर चालतो. मग एका संध्याकाळी सासूबाईंना पाळीवर घेऊन गेले. त्यांनी नवीन लुगडं नेसायचा हट्ट धरला. मी म्हटलं, फोटो तलावाचा काढायचा आहे. तरी नेसल्या. पाळ, जुना दगडी सांडवा, पलीकडे रोवणी झालेल्या बांध्या, सगळं आलं. त्या स्वतः कडेला थोड्याशा आल्या आहेत, पाठमोऱ्या. तो फोटो आता गावच्या पानावर आहे.

आणि त्या जे सांगतात ते मी सध्या मोबाइलवर आवाजात भरून घेते आहे. एखाद्या मासिकात, एखाद्या स्मरणिकेत ते नीट छापून आलं, तर उद्या कोणीतरी त्याचा संदर्भ देऊ शकेल. त्यातही ‘असं गावातल्या वृद्ध स्त्रिया सांगतात’ असंच लिहावं लागेल, आणि ते योग्यच आहे.

चारशे वर्षांचा शोध मी अजून सोडलेला नाही. आपल्या भागातल्या मालगुजारांचे जुने कागद, एखादं गावचं स्मरणपुस्तक, शाळेच्या पन्नास वर्षांची स्मरणिका, असं काही छापलेलं तुमच्या घरी माळ्यावर पडलं असेल, तर रद्दीत घालण्याआधी आपल्या केंद्रावर कळवा. मी येऊन बघून जाईन. दर मंगळवारी दुपारी मी इथंच असते.